दोन बॅटऱ्यांचं घर

टीं... टीं... टीं...

कोपऱ्यातल्या स्टुलावरचा इन्व्हर्टर कण्हला आणि जेवायला बसलेल्या चौघांचे घास जागच्या जागी थांबले. शेतातलं घर. आजूबाजूला माणूस नाही, रस्त्याला गाडी नाही. त्या शांततेत तो बारीक आवाज दवाखान्यातल्या यंत्रासारखा वाटायचा. आता कुणीतरी बाहेर येऊन मान हलवणार. वरचा पंखा दमल्यासारखा मंदावला, शेवटचे दोन फेरे उपकार म्हणून मारले आणि थांबला. मग दिव्यानं एकदा डोळा मिचकावला आणि तोही गेला.

"गेली," दुर्वा म्हणाली. एसटीचा कंडक्टर थांब्याचं नाव सांगतो त्याच सुरात. ती पाच वर्षांची होती आणि तिला या प्रकारात कसलंही दुःख नव्हतं.

बाकी कुणी काही बोललं नाही. मनिषाला खरा राग याच गोष्टीचा यायचा. सासूबाईंनी एखादा टोमणा मारला असता तर त्याला उत्तर देता आलं असतं. पण चंद्रभागाबाई बोलायच्याच नाहीत. त्या फक्त शेजारी ठेवलेली चिमणी पेटवायच्या. चिमणी आणि काडीपेटी आधीपासून शेजारी असायची, जेवायला बसतानाच आणलेली, पाण्याच्या तांब्यासोबत. सुनेच्या विज्ञानावर इतका सविस्तर अविश्वास दुसऱ्या कुठल्या सासूनं दाखवला नसेल.

"कुरडई घे आजून एक," चिमणीच्या उजेडात त्या म्हणाल्या. "ह्या साली लई झ्याक झाल्यात."

झाल्या होत्याच. निदान कुरडया तरी.

नांदूरघाटच्या बाहेर, गावापासून चांगल्या लांब, प्रविणनं वाटणीच्या रानात तीन खोल्यांचं घर बांधलं होतं. गावातल्या घरात दोन खोल्या, त्यातली एक दिराची. उन्हाळ्यात दुर्वाच्या पाठीवर घामोळ्यांचा नकाशा उमटायचा आणि मनिषा अर्धी रात्र तिला पुठ्ठ्यानं वारा घालायची. तिला नव्या घरात फार काही नको होतं. लेकीच्या डोक्यावर एक पंखा, आणि लेक झोपली की खिडकीपाशी स्वतःची अशी घटकाभर. वाचायला, लिहायला, नाहीतर नुसतं बसायला.

घर झालं, पण विजेचा खांब आला नाही. ऑफिसातल्या साहेबांनी विचारलं, "कनेक्शन शेतीचं पाहिजे का घराचं?"

"घराचं," प्रविण म्हणाला.

"पण घर तर शेतात आहे."

"मग शेतीचं द्या."

"शेतीचं घरात वापरता येत नाही."

यावर प्रविणनं मान डोलावली. एका शाळेत तो लिपिक आहे. सरकारी तर्क ओळखीचा असल्यामुळे त्याला त्यातलं सौंदर्य कळतं. मग सोलारच्या अनुदानाचा अर्ज भरायला घेतला, तर त्यात पहिलंच कलम: चालू महिन्याचं लाईटबिल जोडावे. लाईट नाही म्हणून सोलार, आणि सोलारसाठी लाईटबिल. शेवटी ठरलं की अनुदानही नको आणि खांबही नको. स्वतःचं ऊन, स्वतःची बॅटरी, कुणाच्या दारात जायचं नाही.

इथं मनिषाची बी.एस्सी. कामाला आली. आली म्हणजे तिनंच पुढं ढकलली. ती गावातल्या क्लासमध्ये विज्ञान शिकवायची. दहा ते चार दुसऱ्यांच्या पोरांना ऊर्जा कशी साठते ते सांगणाऱ्या बाईनं घरच्या बॅटरीचा हिशोब परक्याला करू द्यावा, हे तिला पटेना. दुर्वाच्या पाटीवर, दुर्वानं काढलेल्या बदकाला वळसा घालून, तिनं गणित मांडलं. कमी वीज खाणारे दोन पंखे, चार दिवे, प्रविण घरी असला की टीव्ही, आणि मोबाईल. दिवसाला एक युनिट. जरा सैल धरून सव्वा. बॅटरी निम्म्याच्या खाली उतरू द्यायची नाही, तिचं आयुष्य घटतं. म्हणून लागेल त्याच्या दुप्पट घ्यायची. वर एखाद्या ढगाळ दिवसासाठी थोडी शिल्लक. उत्तर आलं: दोन बॅटऱ्या, छतावर दोन पॅनल, सगळं मिळून सत्तर हजार.

केजला बॅटरीचं दुकान चालवणारे मुजाहिदभाई म्हणाले, "भाभी, माझं ऐका, चार बॅटऱ्या टाका. सव्वा लाखात काम होऊन जाईल, मग दहा साल माझं तोंड बघायला नको."

मनिषानं त्यांच्यापुढं पाटी धरली. मुजाहिदभाईंनी ती आदरानं न्याहाळली.

"बदक मस्त काढलंय," ते म्हणाले.

पण दोनच बॅटऱ्या आल्या. चंद्रभागाबाईंनी गावातल्या आपल्या खोलीला कुलूप घालताना किल्ली कनवटीला लावली आणि सगळ्यांदेखत जाहीर केलं, "महिनाभर येते. दिवा लागला तर ऱ्हाईन. न्हाई तर आपलं घर हाय गावात, समदे माघारी."

पहिले चार दिवस दिवा असा लागला की रस्त्यानं जाणारी माणसं वळून बघायची. पाचव्या दिवशी वाळवणाचा हंगाम सुरू झाला, सासूबाईंनी गहू भिजत घातले, आणि कधीतरी त्याच सुमाराला इन्व्हर्टर कण्हायला लागला.

कुणाच्या घरात वीज गेली की माणसं येतात. दुखण्याला येतात तशीच येतात. फक्त हातात नारळपाणी नसतं. सगळ्यात आधी आले बांधाला बांध लागलेले राधाकिशनकाका. ते पाणीपुरवठ्यात पंप ऑपरेटर होते, आणि ज्या माणसानं अख्ख्या गावाचं पाणी एका बटणावर चालू-बंद केलं त्याला विजेतलं काय कळत नाही? त्यांनी इन्व्हर्टरला हात लावला, पाठीमागून बघितलं, थोडा वास घेतला.

"अर्थिंग," ते म्हणाले. "सूनबाई, अर्थिंगमध्ये मिठाचं पाणी घाला रोज. बादलीभर."

प्रविणनं बादलीभर घातलं. रोज घातलं. अर्थिंगशेजारी मनिषानं हौसेनं लावलेलं शेवग्याचं रोप आधी पिवळं पडलं, मग आडवं पडलं. बॅटरी होती तशीच राहिली.

"मग दिशा चुकली," काका म्हणाले. त्या दिवशी त्यांना तळलेल्या कुरडया वाढल्या होत्या आणि त्यांचं चिंतन खोल गेलं होतं. "वाहवा, चंद्रभागावहिनी, कुरडई हाय का कापूस! पॅनल पूर्वेला फिरव रे प्रविण. सूर्य उगवतो तिकडून."

"काका, मावळतो पश्चिमेला," मनिषा म्हणाली. "म्हणून दक्षिणेला ठेवतात."

"म्हंजी तुमी सूर्याकडं पाठ करून बसलाय, न् वरून मलाच शिकवायलीस?"

प्रविणनं शाळेत जायच्या आधी स्टँड पूर्वेला फिरवला आणि बोट चेमटून घेतलं. दुसऱ्या दिवशी त्याच बोटाला पट्टी बांधून परत दक्षिणेला आणला. काकांच्या मंडळी जानकीबाई आल्या, त्यांनी बॅटरीवरून मीठ-मोहऱ्या उतरवल्या आणि इन्व्हर्टरच्या कानाला लिंबू-मिरची टांगली. मिरची तिसऱ्या दिवशी नाहीशी झाली. चौकशीत ती पिठल्यात निघाली.

मनिषाही स्वस्थ नव्हती. पॅनलवर धूळ बसली की वीज कमी होते, हे तिनं वाचलेलं. त्यामुळे ती रोज पहाटे दुर्वा उठायच्या आत शिडीनं वर जाऊन काचा ओल्या फडक्यानं आरशासारख्या पुसायची. वर पांढरे पांढरे चिकट डाग असायचे, नखानं खरवडावे लागत. साळुंक्यांची घाण! तिनं त्या भागातल्या समस्त साळुंक्यांना मनातल्या मनात इतक्या शिव्या दिल्या, की पुढं त्या समोर आल्या तर तिलाच खाली बघावं लागलं असतं.

एक गोष्ट मात्र तिच्या डोक्याला भुंग्यासारखी लागली होती. रविवारी दिवा जायचा नाही. टीव्ही चालायचा, पंखे चालायचे, तरी जायचा नाही. सोमवारपासून पुन्हा तेच.

"सोपं हाय," राधाकिशनकाका म्हणाले. "रविवार हा सूर्याचा वार. त्या दिवशी ऊन जादा पडतं."

मनिषाला पदवी परत करावीशी वाटली.

क्लासमध्ये तर कहरच. ती फळ्यावर सौरऊर्जा लिहायला वळली की मागून नम्र आवाज यायचा, "मॅडम, तुमच्या घरी काल पण गेलती का?" पोरं वाईट नव्हती. त्यांना खरंच काळजी होती. त्यामुळे तर जास्त लागायचं.

एका संध्याकाळी मुजाहिदभाई दुकान बंद करून आले. त्यांनी बॅटरीला मीटर लावलं, जीभ टाळ्याला लावून 'च्च' असा आवाज काढला.

"भाभी, बॅटरी पुरत नाय. मी काय म्हणलो होतो?"

"गणित बरोबर आहे, भाई."

"गणित बराबरच असतंय. घर चुकीचं असतंय." त्यांनी कुरडईचा तुकडा मोडला. "वा, अम्मा! आमच्या घरात बनवा म्हणून सांगतो, तर अशी नाय बनत कुणालाच."

"काचंगत पांढरी झाली पायजे," चंद्रभागाबाई समाधानानं म्हणाल्या. "वाळवण चांगलं मिळालं तरच होती. वर लई चांगलं वाळायलंय."

वर म्हणजे स्लॅबवर. घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं की आजी वर वाळवण घालतात. त्यात विचारण्यासारखं काय होतं?

त्या दिवशी मुजाहिदभाई गेल्यावर प्रविण समोरच्या भिंतीशी बोलल्यासारखा बोलला. बायकोकडं बघायची त्याची हिंमत नव्हती.

"आणखी दोन बॅटऱ्या आणू, मनिषा. दुर्वाच्या नावानं ठेव टाकलीय ना, ती मोडू."

"ती तिच्या शाळेची आहे, अहो."

"मग काय करू? आई एकदा बोलली की बोलली."

"पैसे कशाला घालता बॅटरीत?" चंद्रभागाबाई आतून म्हणाल्या. आवाजात नेहमीचा जोर नव्हता, पण ते त्या वेळी मनिषाच्या ध्यानात आलं नाही. "चला आपलं गावात."

शेवटी ठरलं ते असं. शनिवारी संध्याकाळी मुजाहिदभाई टेम्पोत दोन बॅटऱ्या घालून येणार. त्या दिवशीपर्यंत काही सुधारलं नाही, तर एकतर टेम्पोतून बॅटऱ्या उतरतील, नाहीतर त्याच टेम्पोत संसार चढेल. मनिषानं पाटी काढून गणित परत केलं. परत दोनच आल्या. बदकाच्या नजरेत तिला थोडी कीव दिसली.

शनिवारी क्लासच्या हॉलमधली वीज गेली आणि पोरं सुटली. वीज जाण्याबद्दल आनंद वाटावा असा मनिषाच्या आयुष्यातला तो बहुधा एकुलता प्रसंग. भर दुपारी ती घरी आली. दार नुसतं लोटलेलं. आत कुणी नाही. चूल थंड, सोऱ्या धुऊन पालथा घातलेला. शिडीवरून वर नजर गेली, तर स्लॅबच्या कडेला एक काळी छत्री आणि तिच्याखाली दुर्वा, हातात काठी.

"आई, ये! पण चप्पल खाली काढ. आजीचा नियम हाय."

मनिषा चप्पल काढून चढली. शेवटच्या पायरीवर तिचा पाय तसाच राहिला.

डाव्या पॅनलवर कुरडया. ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत, एकीला एक लागून, ओळीनं, शाळेच्या कवायतीत उभ्या राहाव्या तशा. उजव्या पॅनलवर जुनं नऊवारी पातळ अंथरलेलं, त्यावर सांडगे. सत्तर हजारांतला एक चौरस इंचही उघडा नव्हता. आणि त्या दोन्हींच्या मधल्या पट्टीभर सावलीत, पाय लांब करून, डोक्यावरचा पदर वाऱ्यावर सोडून चंद्रभागाबाई बसल्या होत्या. मनिषानं त्यांना इतकं निवांत बसलेलं लग्नापासून बघितलं नव्हतं.

"आलीस का?" त्या खुशीत म्हणाल्या. "बघ गं कशा वाळल्यात! ओल्या घातल्या की चिकटून बसत्यात, वाळल्या की आपसूक सुटून पदरात. ना माती, ना शेरडं. काच लई गुणाची हाय बाई तुझी."

साळुंक्यांची क्षमा मागायला आता कुठं जायचं, हा विचार मनिषाच्या मनात सगळ्यात आधी का आला, कुणास ठाऊक.

"आत्याबाई, हे... रोज?"

"रोज कुठलं? ऐतवारी न्हाई. ऐतवारी प्रविण घरी, त्याला घडीघडीला च्या लागतो. वर यायला फुरसतच न्हाई."

रविवार. सूर्याचा वार.

"आत्याबाई," मनिषा हळू म्हणाली, "ह्या काचेवर ऊन पडतं, त्याचीच वीज होते."

"ठावं हाय की मला! येडी समजलीस काय?" चंद्रभागाबाईंना खरंच वाईट वाटलं. "म्हणून तर दहाच्या पुढं घालते, न् तू यायच्या आत चारला काढते. सकाळचं ऊन त्याला, सांजचं ऊन त्याला. मधलं तेवढंच मी घेते. ते तर लई कडक असतं, यंत्राला सोसत नसंल."

मनिषा तिथंच मांडी घालून बसली. मग तिनं शिकवायला घेतलं. वर्गात शिकवते तसं नाही. दुर्वाला झोपवताना सांगते तसं. मधलं ऊनच खरं ऊन. बॅटरीचं पोट दुपारीच भरतं. सकाळ-संध्याकाळ नुसती चव.

चंद्रभागाबाई ऐकत होत्या. त्यांची नजर कुरडयांवर गेली, तिथून खाली दाराकडं, ज्याच्या आत इन्व्हर्टरला लिंबाचा वाळका अवशेष अजून लोंबत होता.

"म्हंजी दिवा... माझ्यापायी जायलाय?"

मनिषानं दुर्वाच्या डोक्यावरची छत्री सरळ केली.

"न् मी चिमणी घिऊन बसते. रोज." त्यांनी पदर डोक्यावर घेतला आणि आणखी पुढं ओढला. "राधाकिशन गावभर करंल आता. चंद्रभागीनं उन्हाची चोरी केली म्हंतील."

दुर्वानं एक कावळा हाकलला. तो तसाही येणार नव्हता. पण काठी हातात असली की माणूस स्वस्थ बसत नाही.

"गावात कुरडया म्हंजी गल्लीतल्या समद्या बाया यायच्या," चंद्रभागाबाई स्वतःशीच म्हणाल्या. "हितं कोण हाय? तुमी दोघं गेलात की भिंती. एकडाव वर आले, तर हितून देवळाचा कळस दिसला. जानकीच्या रानातल्या बाया दिसल्या, हाळी मारली की वर बघत्यात. मग रोज यायला लागले. तोंडानं म्हणत होते गावात चला, पर..." त्यांनी काचेवरची एक कुरडई उगाच सरळ केली. "हितं बरं वाटायलंय मला. आता कोणत्या तोंडानं सांगू?"

आता खरं सांगायचं तर मनिषाकडं एक भाषण तयार होतं. आठ-दहा दिवस ती ते भाकरी थापताना, क्लासला चालत जाताना, दुर्वाची वेणी घालताना मनात घोकत होती. त्यात गणित बरोबर असल्याची घोषणा होती, राधाकिशनकाकांना दोन वाक्यं होती, प्रविणला एक लांब परिच्छेद होता आणि शेवटी पाटी उंच धरायची होती. भाषण फार चांगलं होतं. असलं भाषण माणसाला आयुष्यात एकदाच सुचतं.

तिनं ते गिळलं.

"आत्याबाई, तुमची बाज वर आणायची का?" ती म्हणाली. "पॅनलच्या मागं टाकू, सावली पडणार नाही अशी. कुरडया तिच्यावर. तुम्हाला बसायलाही होईल."

चंद्रभागाबाईंनी सुनेकडं बघितलं. मग कनवटीची किल्ली चाचपली, कमरेला टोचत असावी तशी, आणि काढून सांडग्यांच्या डब्यात टाकली.

दोघींनी मिळून बाज शिडीनं वर चढवली. बाजेनं आपला पाय दोनदा शिडीच्या पायऱ्यांत अडकवला आणि एकदा मनिषाच्या गालाला मारला. दुर्वानं खालून सूचना केल्या. कुरडया हलल्या, सांडगे हलले, काचा पुसल्या गेल्या, आणि उरलेली सगळी दुपार दोन्ही पॅनल उघड्या तोंडानं ऊन पीत बसले.

संध्याकाळी टेम्पो आला. मुजाहिदभाई उतरले, मागून प्रविण, आणि टेम्पोचा आवाज ऐकून बांधावरून राधाकिशनकाका. मुजाहिदभाईंनी बॅटरीला मीटर लावलं, काढलं, पुसलं, परत लावलं.

"कमाल हाय! भाभी, ही तर अच्छी चार्ज हाय. काय केलं काय?"

अंधार पडला. दिवा लागला, पंखा फिरला. सगळे इन्व्हर्टरकडं तोंड करून, कीर्तनाला बसल्यासारखे बसून राहिले. तो कण्हला नाही. दुर्वा पंख्याखाली फरशीवर पालथी पडून बदकाला दुसरं बदक काढत होती आणि तिच्या मानेवरचे केस वाऱ्यानं उडत होते. मनिषा तेवढंच बघत होती.

"पण झालं काय होतं?" प्रविणनं विचारलं.

स्वयंपाकघरात कढईतलं तेल चरचरत होतं. चंद्रभागाबाईंची पाठ इकडं होती.

"वायर," मनिषा म्हणाली. "वर एक वायर लूज होती. माझ्याच लक्षात आलं नाही इतके दिवस."

"एवढंच?" प्रविण हसला. "आणि बी.एस्सी. म्हणे!"

"मी पैल्या दिवशीच म्हणलतो, वायर बघा म्हणून," राधाकिशनकाकांनी मांडीवर थाप मारली. ते असं कधीच म्हणाले नव्हते. "सूनबाई, पुस्तकातलं निराळं, हातातलं निराळं. बरं, असू दे. चुकतं माणूस."

मनिषा गोड हसली. गालावर बाजेचा ओरखडा होता, तो त्या हसण्यात जरा ताणला गेला.

"मग बॅटऱ्या वापस न्यायच्या?" मुजाहिदभाई उदास होऊन म्हणाले. तेवढ्यात चंद्रभागाबाई ताट घेऊन बाहेर आल्या. डोंगराएवढ्या तळलेल्या कुरडया. पहिली त्यांनी मुलाला दिली नाही, पाहुण्यालाही नाही. पहिली मनिषाच्या हातात ठेवली, आणि झारा घेऊन घाईनं परत कढईकडं वळल्या.

दुर्वानं ताटातली एक उचलली. दिव्याखाली धरून तिचे बारीक बारीक गुंतलेले वळसे नीट निरखले. घरात कुरुमकुरुम सोडून दुसरा आवाज नव्हता. मग तिनं आईकडं वळून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा मोकळ्या, स्वच्छ आवाजात विचारलं,

"आई, लूज वायर म्हंजी कुरडई का?"

कढईवरचा झारा थांबला.